फोल्डर आहे, नाही, की कळलंच नाही?

रात्रभरात जुन्या मराठी कागदांचे २१४ स्कॅन पलीकडच्या सर्व्हरवर जायचे होते. सकाळी चेन्नईच्या मैलापुरातल्या कपालीश्वराच्या तळ्याला वळसा घालून आलो, फिल्टर कॉफी घेतली आणि लॅपटॉप उघडला. स्क्रिप्टने २१४ वेळा ‘झालं’ असं लिहून ठेवलं होतं. चूक एकही नाही. पलीकडे जाऊन पाहिलं तर ‘मोडी’ नावाची एकच फाइल. उघडली, तर शेवटचा, २१४वा कागद.

घडलं होतं ते एवढंच. स्क्रिप्ट एकेक चित्र उचलून एससीपी या दूरवर फाइल पाठवणाऱ्या कमांडला सांगत होती, हे ‘/साठा/मोडी’ इथे ठेव. माझ्या डोक्यात मोडी हे फोल्डर होतं, पलीकडे ते नव्हतं. एससीपीने मोडी हे फाइलचं नवं नाव समजून पहिलं चित्र त्या नावाने ठेवलं. दुसरं त्यावर, तिसरं त्यावर. प्रत्येक वेळी काम बिनचूक झालं, म्हणून प्रत्येक वेळी शून्य हा एक्झिट कोड आला, आणि शेलच्या जगात शून्य म्हणजे यश. नावाच्या शेवटी एक तिरकी रेघ दिली असती तर पहिल्याच फाइलला ओरड झाली असती. सगळ्या फाइली एकाच कमांडमध्ये दिल्या असत्या तरीही हा घोळ झाला नसता, कारण अनेक फाइली एका नावावर बसत नाहीत हे एससीपीला कळतं. एकेक दिल्यावर ते तिला कळायला मार्ग नाही.

मैलापुरात मराठी कागद कुठून आले, असं विचाराल. तंजावरावर मराठ्यांचं राज्य १६७६ ते १८५५ होतं, आणि तिकडून आलेली राव, रायर मंडळी या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचं दिवाणपद सांभाळलेले सर टी. माधवराव १८९१ मध्ये वारले ते इथेच. अशा घरांच्या ट्रंकांमधून निघणारे कागद आम्ही तीन-चार जण सुटीच्या दिवशी स्कॅन करतो आणि रात्री दूरच्या एका साठ्यावर पाठवतो. त्या पाठवण्याच्या स्क्रिप्टमध्ये गेली काही वर्षं एकाच प्रश्नाशी झटतो आहे: पलीकडे फोल्डर आहे का, हे विचारायचं कसं, आणि विचारायचं की नाही. या लेखात त्या प्रश्नाच्या सगळ्या बाजू एकदा फिरून पाहायच्या आहेत. कमांडची नावं तोंडाने बोलतो तशी लिहिली आहेत. कीबोर्डवर काय टाइप करायचं ते करणाऱ्याला कळेल.

हा प्रश्न आपल्याकडच्या इंटरनेटहून जुना आहे. मैलापूरहून दक्षिणेला निघून अड्यार नदी ओलांडली की थोड्याच वेळात आयआयटी मद्रासचं रान लागतं. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात आठ संस्था होत्या: मुंबईत जुहूचं एनसीएसटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग. त्या पाचांत मद्रासही होतं. आरंभीच्या जोडण्या टेलिफोनच्या डायल-अपवर होत्या आणि निरोपांची ने-आण यूयूसीपी करत असे. यूयूसीपीत फाइल लगेच जात नाही. विनंती रांगेत पडते, फोन लागेल तेव्हा पुढे सरकते. म्हणजे ‘तिकडे फोल्डर आहे का’ असं विचारून उत्तराची वाट पाहण्याची सोयच नव्हती. मग यूयूसीपी लिहिणाऱ्यांनी काय केलं? लागतील ती मधली फोल्डरं तिकडे आपोआप बनवायची, हा नियमच ठेवला. नको असेल त्याने तसा ऑप्शन द्यायचा. शिवाय प्रत्येक मशीनवर यूयूसीपी-पब्लिक नावाचं एक सार्वजनिक फोल्डर असे, गावातल्या चावडीसारखं. बाहेरचं काहीही आलं की तिथे पडायचं. प्रश्न विचारता येत नव्हता म्हणून तो पडणारच नाही अशी रचना केली होती. मला हे आजच्या बऱ्याच स्क्रिप्टांपेक्षा शहाणपणाचं वाटतं.

त्याआधीच, १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये, दूरच्या मशीनवर थेट कॉपी करणारी आरसीपी आली होती. तिच्यात पलीकडचं मशीन जागेवर उत्तर देऊ शकत होतं, पण आरसीपीने घरातल्या घरात कॉपी करणाऱ्या साध्या सीपीचा नियम तसाच उचलला: शेवटचं नाव फोल्डर असेल तर त्याच्या आत, नसेल तर त्या नावाने. १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं, त्याबरोबरच्या एससीपीनेही तोच वारसा चालवला. समोर बसून टाइप करणाऱ्या माणसाला हा नियम सोयीचा आहे, कारण चुकलं तर तो लगेच पाहतो. रात्री दोन वाजता कोणी नसताना चालणाऱ्या स्क्रिप्टसाठी तो घातक. संपूर्ण फोल्डर पाठवतानाही हाच घोळ होतो. पलीकडे ‘दप्तर’ नसेल तर पहिल्या रात्री तुमचं फोल्डर दप्तर या नावाने उभं राहतं. दुसऱ्या रात्री दप्तर आहे, म्हणून सगळं त्याच्या पोटात आणखी एका फोल्डरमध्ये जातं. एकच कमांड, दोन रात्री, दोन वेगळे निकाल.

मग साहजिकच माणूस विचारायला लागतो. एसएसएचने पलीकडे ‘टेस्ट -डी’ चालवायचं. फोल्डर असेल तर शून्य, नसेल तर एक. त्यावर ‘इफ’ लावायचा. मीही दोन वर्षं हेच केलं. यातली गोम अशी की या प्रश्नाला उत्तरं दोन नाहीत, किमान तीन आहेत: आहे, नाही, आणि विचारताच आलं नाही. जोडणीच झाली नाही तर एसएसएच २५५ परत देतं. ‘इफ’ला मात्र शून्य आणि शून्येतर एवढंच कळतं, त्यामुळे २५५ सुद्धा ‘नाही’च्या खात्यात जमा होतं. वाय-फाय गेलं, स्क्रिप्ट म्हणाली फोल्डर नाही, चला बनवू या. तेही जमलं नाही, आणि लॉगमध्ये ‘फोल्डर बनवता आलं नाही’ अशी ओळ पडली. सकाळी आपण तासभर पलीकडच्या परवानग्या तपासत बसतो आणि दोष राउटरचा असतो. तेव्हा ‘इफ’ सोडून ‘केस’ वापरा आणि शून्य, एक आणि बाकी सगळं अशा तीन वाटा करा. जोडीला एसएसएचला बॅचमोड चालू करायला आणि दहा सेकंदांची कनेक्टटाइमआउट मर्यादा पाळायला सांगा. नाहीतर ते पासवर्ड विचारत किंवा नुसतंच ताटकळत बसून राहतं.

एवढं करूनही एक खोटा ‘नाही’ शिल्लक राहतो, आणि तो मला बऱ्याच उशिरा सापडला. काही सर्व्हरवर आपल्याला फक्त एसएफटीपीपुरतं, म्हणजे नुसत्या फाइलींच्या ने-आणीपुरतं खातं मिळतं. तिथे ‘टेस्ट -डी’ पाठवलं तर पलीकडून ‘इथे फक्त एसएफटीपी चालतं’ अशा अर्थाची एक ओळ येते आणि एक्झिट कोड येतो एक. तोच एक. ज्या खात्याचं लॉगिन बंद करून ठेवलं आहे तेही असंच एक देऊन हाकलतं. वरच्या फोल्डरमध्ये शिरायची परवानगी नसेल तरी ‘टेस्ट’ एकच म्हणतं, आत फोल्डर असो वा नसो. म्हणून आता मी आकड्यावर विश्वास ठेवत नाही. पलीकडे ‘असेल तर आहे असं छाप, नसेल तर नाही असं छाप’ एवढी छोटी ओळ चालवतो आणि आलेल्या मजकुराची शेवटची ओळ वाचतो. ‘आहे’ किंवा ‘नाही’ यांपैकी नेमका शब्द आला तरच ते उत्तर. दुसरं काहीही आलं, किंवा काहीच आलं नाही, तर स्क्रिप्ट थांबते. शेवटचीच ओळ का? तर पुष्कळ सर्व्हरांवर लॉगिन होताच स्वागताच्या चार ओळी छापणारी कॉन्फिग फाइल असते.

अवतरणचिन्हांचं प्रकरण तर डोकं पिकवणारं. एसएसएच आपले सगळे शब्द मधे एकेक जागा सोडून जोडतं आणि पलीकडच्या शेलला देतं. तो शेल ते पुन्हा फोडतो. म्हणजे इकडे लावलेली अवतरणचिन्हं इकडेच संपतात. माझ्याकडे ‘सरफोजी दुसरे’ नावाचं फोल्डर होतं. ‘टेस्ट’ला पलीकडे एका नावाऐवजी दोन शब्द मिळाले आणि त्याने चुकीच्या वाक्यरचनेचा दोन हा कोड दिला. ते एक वेळ बरं, निदान ओरडलं तरी. फोल्डर बनवणाऱ्या एमकेडिरने निमूट दोन फोल्डरं बनवली, साठ्यात ‘सरफोजी’ आणि माझ्या होम फोल्डरमध्ये ‘दुसरे’. उपाय दोन: बॅशच्या प्रिंटएफमध्ये टक्के-क्यू वापरून नाव पलीकडच्या शेलला पचेल असं करून पाठवायचं, किंवा फोल्डरच्या नावात मोकळी जागा ठेवायचीच नाही. मी दुसरा उपाय घेतला. शूरपणा दाखवायची ही जागा नव्हे.

आणखी एक सापळा जाता जाता. यादीतली नावं एकेक वाचणाऱ्या ‘व्हाइल रीड’ लूपच्या आत एसएसएच घातलं तर पहिल्याच फेरीत ते यादीतली उरलेली सगळी नावं स्वतःचा इनपुट समजून गिळून टाकतं. लूप एकदाच फिरतो आणि कुठे चूक दिसत नाही. एसएसएचला ‘-एन’ द्या, गिळणं थांबतं.

विचारण्याच्या विरुद्ध टोकाला न विचारणारे आहेत, आणि त्यांची बाजू भक्कम आहे. एमकेडिरला ‘-पी’ दिलं की फोल्डर नसेल तर मधल्या सगळ्या पायऱ्यांसकट बनतं, असेल तर गप्प राहतं आणि दोन्ही वेळा शून्य देतं. पाहणं आणि बनवणं यांच्या मधल्या क्षणात दुसऱ्या कोणी ते फोल्डर बनवलं किंवा उडवलं तर काय, हा प्रश्नच उरत नाही. शिवाय त्या नावाची फाइल आडवी आली असेल तर ते साफ नकार देतं; माझी ती एकुलती एक ‘मोडी’ फाइल अशीच आडवी आली आणि आधी उडवावी लागली. उत्तम म्हणजे एकाच जोडणीत सगळं उरकावं: इकडे टारने गाठोडं बांधायचं, एसएसएचच्या नळीतून सोडायचं आणि पलीकडे ‘एमकेडिर करून झालं तर आत शीर, शिरता आलं तर गाठोडं सोड’ असं दोन-अँपरसँडांनी जोडून सांगायचं. आत शिरणं म्हणजे सीडी, आणि सीडीइतकी खरी तपासणी दुसरी नाही. फोल्डर आहे आणि आपल्याला आत जाता येतं, या दोन्ही गोष्टी ती एका दमात सांगते.

हे सगळं पटून मी सगळीकडे एमकेडिर -पी लावलं आणि वर्षभर सुखात होतो. मग आमचा साठा जिथे आहे त्या संस्थेचं नाव न घेता पुढची हकिकत सांगतो. अर्धी चूक माझीच होती. त्यांच्या सर्व्हरला मोठी डिस्क वेगळी जोडलेली आहे आणि ती ‘/साठा’ या जागी माउंट होते. एका रात्री वीज गेली, सर्व्हर पुन्हा सुरू झाला, डिस्क मात्र माउंट झाली नाही. ‘/साठा’ हे फोल्डर होतंच, फक्त रिकामं, कारण माउंटची जागा ही मुळात एक साधं फोल्डरच असते. माझ्या स्क्रिप्टने इमानेइतबारे त्यात ‘मोडी’ बनवलं. पलीकडे नसेल किंवा बदललं असेल तेवढंच पाठवणाऱ्या आरसिंकने पाहिलं की पलीकडे काहीच नाही आणि आतापर्यंतचं सगळं काम नव्याने पाठवायला घेतलं, तेही सर्व्हरच्या छोट्या मूळ डिस्कवर. पहाटे ती भरली आणि त्या सर्व्हरवरची बाकीची कामंही अडली. दुपारी कोणीतरी मोठी डिस्क हाताने माउंट केली. त्याबरोबर माझ्या नव्या फाइली तिच्याखाली झाकल्या गेल्या: दिसेनात, पण जागा मात्र अडवून बसल्या. मूळ डिस्क का भरली आहे हे शोधण्यात दोन माणसांचे दोन दिवस गेले.

त्या दिवशी मला या प्रश्नाची खरी फोड कळली. फोल्डर दोन जातींची असतात. काही माझ्या कामाची: आजच्या तारखेचं, या दप्तराचं, या घराण्याचं. ती नसणं यात बातमी काही नाही. ती बनवणं माझंच काम, तिथे विचारत बसू नये. दुसरी, दुसऱ्याने उभारून दिलेली: डिस्कची जागा, साठ्याचं मूळ. तिथे काही नसेल तर ती मोठी बातमी आहे, आणि अशा वेळी बनवण्याइतकी वाईट गोष्ट नाही. तिथे विचारायचं आणि थांबायचं. आता मोठ्या डिस्कच्या मुळाशी मी एक शून्य बाइटची खूण-फाइल ठेवली आहे. ती दिसली तरच स्क्रिप्ट पुढे जाते. माउंटपॉइंट नावाची कमांडही आहे, पण ती फक्त काहीतरी माउंट आहे एवढंच सांगते. आपलीच डिस्क आहे हे खूण-फाइल सांगते. त्या मुळाच्या खालचं सगळं मात्र एमकेडिर -पी.

हत्यारांपैकी आरसिंक यात सर्वांत समंजस. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये ती जाहीर केली. पूर्ण फोल्डर पाठवलं तर पलीकडचं फोल्डर असो वा नसो, पहिल्या रात्रीचा आणि दुसऱ्या रात्रीचा निकाल सारखाच येतो. एससीपीसारखं पोटात पोट होत नाही. पण ती वाटेतली शेवटची एकच पायरी बनवते. तिच्या वरच्या नसतील तर हात वर करते. २०२० च्या ३.२.३ आवृत्तीत एमकेपाथ हा ऑप्शन आला आणि हे दुखणं मिटलं, मात्र दोन्ही टोकांना तेवढी नवी आवृत्ती हवी. मॅकवर कित्येक वर्षं २.६.९ हीच म्हातारी मिळत असे. तिथे जुनी युक्ती चालते: पलीकडे आरसिंक सुरू करण्याच्या वाटेतच, आरसिंक-पाथ या ऑप्शनमधून, आधी एमकेडिर -पी चिकटवायचं. एकच फाइल पाठवत असाल तर आरसिंकलाही शेवटच्या तिरक्या रेघेची आठवण करून द्यावी लागते, नाहीतर माझ्या ‘मोडी’ची गत होते. आणि पलीकडच्या जास्तीच्या फाइली पुसणारा डिलीट ऑप्शन, रिकामं निघालेलं इकडचं फोल्डर आणि झोपलेला माणूस या तिघांना एकत्र येऊ देऊ नका. आधी ड्राय-रन करून पाहा.

एसएफटीपीची कथा थोडी निराळी. तिथे शेलच नाही, म्हणून टेस्ट नाही आणि एमकेडिरला -पीही नाही. बॅच फाइलमध्ये एखादी आज्ञा फसली की सगळं थांबतं; आज्ञेच्या आधी एक आडवी रेघ लावली तर फसणं माफ होतं. तेव्हा रिवाज असा की आडवी रेघ लावून पायरी-पायरीने एमकेडिर करायचं आणि लगेच रेघ न लावता सीडी. एमकेडिर का फसलं याची फिकीर करू नका, सीडी जमलं तर फोल्डर आहे. ओपनएसएसएचच्या एसएफटीपीत ‘आधीच आहे’ यासाठी वेगळं उत्तरच नाही, नुसतं ‘फेल्युअर’ येतं, म्हणून विचारण्यातही हशील नाही. २०२२ च्या ओपनएसएसएच ९.० पासून एससीपी सुद्धा आतून एसएफटीपीच वापरते. पलीकडच्या शेलमध्ये नाव दुसऱ्यांदा फुटायचं ते थांबलं, त्यामुळे जुन्या स्क्रिप्टांमधली दुहेरी अवतरणं आता उलटी नडतात. जुनी चाल हवी असेल तर कॅपिटल ओ.

बाकीच्यांना धावती भेट पुरे. १९८५ च्या नियमांवर चालणारा एफटीपी नसलेल्या फोल्डरलाही ५५० म्हणतो आणि परवानगी नसलेल्यालाही. तिथे कर्लचा एफटीपी-क्रिएट-डर्स हा ऑप्शन किंवा एलएफटीपी वापरावं आणि सुटावं. एस३ सारख्या साठ्यांत तर फोल्डर नावाची वस्तूच नाही. फाइलच्या लांबलचक नावातल्या तिरक्या रेघा पाहून आपल्याला फोल्डर असल्याचा भास होतो. तिथे आरक्लोन बरं. फोल्डर सापडलं नाही यासाठी त्याचा स्वतंत्र एक्झिट कोड आहे, तीन. इतक्या साध्या गोष्टीसाठी आभार मानावेसे वाटतात.

मराठी नावं ठेवणाऱ्यांसाठी मात्र एक खास खड्डा आहे. कऱ्हाडहून आलेल्या एका घराण्याचं फोल्डर आम्ही ‘कऱ्हाड’ नावाने केलं. दोन महिन्यांनी साठ्यात तीन कऱ्हाड दिसू लागले. पडद्यावर सारखेच, बाइट वेगळे. ऱ हे एक अखंड अक्षर म्हणून टाइप होतं. तेच र खाली नुक्ता असं दोन तुकड्यांतही साठवता येतं, आणि मॅकची जुनी एचएफएस-प्लस फाइल-सिस्टिम ते आपणहून तसं फोडत असे. तिसरा मार्ग म्हणजे र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. फोल्डर यातल्या एका रूपात असेल आणि टेस्ट -डीला दुसरं दिलं तर ते ‘नाही’ म्हणणारच, आणि एमकेडिर -पी आनंदाने आणखी एक बनवेल. पहिल्या दोन रूपांना युनिकोड एकच मानतं, त्यामुळे नॉर्मलाइझ करून किंवा आरसिंकच्या आयकॉन्व्हमधून ती जुळवता येतात. तिसरं जुळत नाही. ॲ हे एक अक्षर आणि अ वर चंद्र यांचंही तसंच. पाचशे कागद तपासून ही फोल्डरं हाताने एक केल्यावर आम्ही फोल्डरांना आकडे द्यायला लागलो, आणि कऱ्हाड हा शब्द आता सूचीच्या फाइलीत राहतो. मन खट्टू होतं, पण रात्रीची झोप लागते.

तुमची रात्रीची स्क्रिप्ट आज एकदा वाय-फाय बंद करून चालवून पाहा. ‘जोडणी झाली नाही’ म्हणाली तर ठीक. ‘फोल्डर नाही’ म्हणाली, तर ती ज्या ओळीत हे म्हणते ती ओळ आजच बदला.